राबावरची करवंदीची जाळी

कोंडाबाईच्या घरात हौशीरामचा एकही फोटो नव्हता. लग्नातला नव्हता, कारण ओतूरहून यायचा तो फोटोवाला त्या दिवशी दुसऱ्याच लग्नाला गेला. जत्रेतला नव्हता, कारण रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभं राहायची हौशीरामला भारी लाज वाटायची. "माझं थोबाड मला ठावं हाय, तुला बी ठावं हाय. मंग कागुद कशापायी?" असं म्हणून तो जिलबीच्या दुकानाकडे वळायचा. पुढे मतदानाची फोटोवाली ओळखपत्रं वाडीवर आली, तोवर माणूसच उरला नव्हता. पंच्याण्णव सालच्या चैत्रात ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडताना पायाखालची फांदी मोडली, आणि खाली कातळ होता. कोंडाबाई तेव्हा तिशीचीही नव्हती.

तरी नवऱ्याला बघावंसं वाटलं की ती चुलीसमोरच्या भिंतीकडे बघायची. तिथे एक चित्र टांगलेलं होतं. हातभर रुंद, पाण्याच्या रंगात काढलेलं. मागे सिंदोळ्याचा निळसर डोंगर, पुढे उतरणीवरची भाताची खाचरं, त्यात भाजलेल्या जमिनीचे काळे पट्टे, धुराची एक रेघ, आणि कडेला पांढरा सदरा घातलेला, खांद्यावर कोयता टाकलेला, चार बोटं उंचीचा माणूस. त्याच्या शेजारी करवंदीची हिरवीगार जाळी. माणसाच्या तोंडाच्या जागी एक तपकिरी ठिपका होता, बस. पण त्या ठिपक्यात कोंडाबाईला सगळं दिसायचं. दरवर्षी भाद्रपदात पित्तर घालायच्या दिवशी ती चित्र उतरवायची, पाटावर ठेवायची आणि त्याच्यापुढे पान वाढायची. एकदा शेजारची साळुबाई हसली, "अगं, ठिपक्याला कुठं निवद दावत्यात व्हय?"

"तुमाला ठिपका असंल," कोंडाबाई म्हणाली, "माझा मालक हाय त्यो."



हे चित्र काढणाऱ्या बाईचं आज पोरांच्या पुस्तकांत मोठं नाव आहे. गोष्टही तीच लिहिते आणि चित्रंही तीच काढते. पण ब्याण्णव सालच्या वैशाखात ती मढला एसटीतून उतरली तेव्हा तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि तिची स्वतःचीही स्वतःबद्दल काही फारशी खात्री नव्हती. नाव वृषाली. वय वीस. पुण्यात चित्रकलेच्या कॉलेजात शिकायची. काखेत भला मोठा लाकडी बोर्ड, खांद्याला पिशवी, आणि हातात शाळेच्या गुरुजींच्या नावाची चिठ्ठी. गुरुजी सुट्टीला गावी गेले होते. गुरुजी बारा महिने शाळेतच राहतात, असं या शहाणीने गृहीत धरलं होतं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी.

हौशीराम त्या दिवशी मीठ आणायला मढला उतरला होता. बोर्ड बघून त्याला वाटलं, ही सरकारी माणूस असणार.

"मोजणी कराया आल्या का?"

"नाही हो. चित्र काढायला आलेय. इथल्या डोंगरांचं."

हौशीरामने डोंगराकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. उन्हाने तिचं तोंड लालबुंद झालं होतं. "मंग चला की. डोंगुर आमच्या दाराम्होरंच हाय," तो म्हणाला.

अशा रीतीने मीठ आणायला गेलेला नवरा पुण्याची पोरगी घेऊन घरी आला आणि मीठ विसरून आला. कोंडाबाईला आधी मिठाचाच राग आला. मग त्या पोरीने वाकून चपला काढल्या, ओसरीच्या कडेला नीट लावून ठेवल्या आणि "वहिनी, थोडं पाणी मिळेल का?" असं विचारलं. त्या "वहिनी"ला कोंडाबाई विरघळली. एका रात्रीसाठी आलेली पाहुणी नऊ दिवस राहिली.

पाण्याचं मात्र अवघड होतं. वैशाखात वाडीची विहीर तळाला जायची. मग घळीतला झरा तेवढा उरायचा, आणि तोही पाझरायचा. वाटीवाटीने भरून घ्यायचं. बायका पाळी लावून बसायच्या. एका घराला दोन हंडे, त्यावर एक तांब्याही नाही. आणि या पोरीला चित्रासाठी दोन वाडगी पाणी लागायचं. एक कुंचला धुवायला, एक रंगात घालायला. धुवायचं गढूळ झालं की ते बदलायचं, पुन्हा गढूळ, पुन्हा बदलायचं. "ही बया पाणी पितीय का रंगिवतीय?" कोंडाबाईची सासू सरूबाई दिवसभर धुसफुसायची. सरूबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. कोंडाबाई मान खाली घालून ऐकायची आणि सासूची पाठ वळली की पोरीचं वाडगं भरायची. एकदा तर तिने स्वतःच्या अंघोळीला फाटा दिला.

चौथ्या दिवशी झऱ्यावर बायकांनी तिला घेरलंच. आमची पोरं घोटासाठी रडतात आणि तुमच्याकडे चित्रं रंगवायला पाणी? कोंडाबाईला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात मागून सरूबाईचा आवाज आला, "तिला काय इचारता? मला इचारा. म्या सांगितलंय पाणी द्याया. आमच्या वाटणीचं हाय, आमी पिऊ न्हाईतर सांडू."

बायका आपापल्या हंड्यांकडे वळल्या. घरी आल्यावर सासूने पुन्हा पाण्यावरूनच बोलायला सुरुवात केली. पण कोंडाबाईने ते एक वाक्य गाठीला बांधून ठेवलं.

इकडे वृषालीचं काही खरं नव्हतं. दिवसभर उन्हात बसून ती चित्र काढायची आणि संध्याकाळी टराटरा फाडून चुलीत घालायची. चार दिवसांत चार चित्रं गेली. पाचव्या दिवशी ती चुलीपुढे बसून हमसून हमसून रडली. वडिलांनी सांगितलं होतं, हे शेवटचं वर्ष. काही जमलं नाही तर काकांच्या कचेरीत टायपिंगला बसायचं. "आणि वहिनी, त्यांचं बरोबरच आहे. मला नाहीच येत." कोंडाबाईला चित्रातलं काही कळत नव्हतं. तिने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाकरीवर जरा जास्त चटणी वाढली.

पाचवं चित्र चुलीत जायच्या आधी हौशीरामने उचललं. दिव्याजवळ नेऊन बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "डोंगुर झ्याक जमलाय, बाई. पर ही झाडं कुठली?"

"इथलीच. समोरची."

"छ्या! ही पुण्याची झाडं. गोल गोल, पानांनी भरल्याली. आमच्याकडं वैशाखात असली झाडं नसत्यात. तुमी नीट बगितलीच न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला ऐनाच्या झाडाखाली नेऊन उभं केलं आणि दाखवलं. भाताचं रोप करायची जागा आधी भाजून घ्यावी लागते. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडायच्या, त्याला शेंडणं म्हणतात. त्या वाळवून जमिनीवर पसरायच्या, वर शेण, पालापाचोळा, माती घालायची आणि पेटवून द्यायचं. हा राब. पाऊस पडला की त्या राखेत भात पेरायचं. म्हणून या डोंगरातलं जवळजवळ प्रत्येक झाड शेंडलेलं असतं. उंच खोड, बाजूच्या फांद्या छाटलेल्या, आणि शेंड्याला तेवढा पानांचा झुपका ठेवलेला. "त्यो झुपका ऱ्हाऊ द्यायचा," हौशीराम म्हणाला, "न्हाईतर झाड मरतं. आपल्याला लागतंय तेवढं घ्यायचं, त्याला लागतंय तेवढं ठेवायचं."

वृषाली त्या झाडाखाली तोंड उघडं टाकून उभी राहिली. पाच दिवस ती हीच झाडं बघत होती, आणि कागदावर मात्र शाळेत शिकलेली झाडं काढत होती.

सातव्या दिवशी हौशीरामने राब पेटवला. वृषाली सकाळपासून बांधावर बोर्ड घेऊन बसली. आधी पेन्सिलीने सगळं नीट रेखून घेतलं. डोंगर, खाचरं, शेंडलेली झाडं. मग हौशीरामला म्हणाली, "दादा, जरा उभे राहा ना." तो कोयता खांद्यावर टाकून, लाजून हसत उभा राहिला. पडद्यापुढे कधी न उभा राहिलेला माणूस त्या पोरीसाठी अर्धा तास हलला नाही. आगीवर मारायला पाण्याचा हंडा घेऊन कोंडाबाई आली, तर वृषालीने तिलाही थांबवलं. "वहिनी, तुम्ही पण. दादांच्या शेजारी. हंडा कमरेवर असू दे तसाच."

कोंडाबाई उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती भर दिवसा, उघड्यावर, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिला हसू आवरेना. आणि तेवढ्यात बांधावरून सरूबाई येताना दिसली.

"अगं बाई, सासूबाई!" कोंडाबाई पळालीच. जाता जाता वृषालीला म्हणाली, "मला नको काढूस गं पोरी. काढलं असशील तर खोड. तुला माझ्या गळ्याची शपथ."

वृषालीने मान डोलावली. त्या संध्याकाळी तिने चित्र फाडलं नाही. हौशीरामने ते दिव्यापाशी धरून बघितलं. झाडं शेंडलेली होती. धूर धुरासारखा होता. पांढरा सदरा तर इतका पांढरा, की त्याने विचारलं, "ह्यो पांढरा रंग कुठला घातलास?" वृषाली म्हणाली, "पांढरा रंग घालायचाच नसतो दादा. तिथे कागदच सोडून द्यायचा." हे त्याला लई आवडलं. मग त्याची नजर शेजारी गेली.

"पर ही करवंदीची जाळी कुठनं आणलीस? राबाच्या कडंला करवंद? जळून न्हाई का जायची?"

वृषालीने कोंडाबाईकडे बघितलं. "असू दे दादा," ती म्हणाली.

जाताना तिने चित्र त्यांच्याच घरी ठेवलं. "हे तुमचंच आहे," म्हणाली. हौशीरामने देवाची एक जुनी चौकट रिकामी करून त्यात ते बसवलं. काच एका कोपऱ्याला तडकलेली होती. पुढची तीन वर्षं, म्हणजे तो होता तोवर, घरी कुणी आलं की हौशीराम चित्र दाखवायचा आणि हमखास म्हणायचा, "सगळं बेस हाय. फकस्त आमच्या राबावर बाईनं करवंद लावलंय."

वर्षं गेली. वृषालीची सुरुवातीला दोन पत्रं आली, मग येईनाशी झाली. हौशीराम गेला. वर्षा-दोन वर्षांत सरूबाई गेली. कोंडाबाईने एकटीने खाचरं लावली, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी काढली, रानातला हिरडा गोळा करून विकला आणि बाप गेला तेव्हा आठ वर्षांचा असलेल्या दादाभाऊला वाढवलं. राबासाठी झाडावर मात्र तिने त्याला कधी चढू दिलं नाही, स्वतः चढली. पोरगा आळेफाट्याला गॅरेजमध्ये लागला, आठवड्याला घरी यायला लागला. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. सून शिनोलीकडची, सोनल. दहावी झालेली, कामाला वाघीण, आणि सासूला खूश करायची इतकी हौस, की कोंडाबाईलाच कधीकधी संकोच व्हायचा.

त्याच वर्षी श्रावणात हौशीरामच्या नावाने एक जाडजूड पाकीट आलं. सोनलने ते मोठ्याने वाचलं.

"हौशीदादा, वहिनी, मला ओळखलंत का? तुमचं सगळं पाणी संपवणारी ती मीच. मी टायपिंगला गेले नाही. आता मुलांसाठी गोष्टी लिहिते आणि त्यांची चित्रंही काढते. पुण्यात माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरणार आहे. लोक विचारतात, तुमचं पहिलं चित्र कोणतं? मी सांगते, ते मढच्या वरच्या वाडीत एका घरात आहे, आणि ते त्यांचंच आहे. मला ते न्यायचं नाही. एकदा डोळे भरून बघायचंय, त्याचा फोटो काढायचाय. घट बसायच्या आधीच्या रविवारी येते."

पाकिटात दोन पुस्तकं होती. सोनल पानं उलटत होती आणि कोंडाबाई बाजूला बसून बघत होती. एकात कोल्हा होता, एकात हरवलेली शेळी. पण दोन्ही पुस्तकांतली झाडं एकाच जातीची होती. उंच खोड, छाटलेल्या बाजू आणि शेंड्याला झुपका.

"आत्याबाई, ही कसली झाडं काढलीत बाईंनी?"

"आपली हाईत ती," कोंडाबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुझ्या सासऱ्यानं शिकिवलीत."

पुढचे पंधरा दिवस कोंडाबाई हवेत होती. साळुबाईला सांगून झालं, झऱ्यावर सांगून झालं, मढच्या बाजारात मीठ देणाऱ्यालाही सांगून झालं. पुण्याची बाई येणार, आणि तीही आपल्या घरातलं चित्र बघायला. हौशीराम असता तर त्याने करवंदीचं पुन्हा एकदा सांगितलं असतं.

भाद्रपदात पित्तर झालं. चित्र पाटावरून उचलून कोंडाबाईने ओसरीवर टेकवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सासू-सुनांनी दसरा काढायला घेतला. दसरा काढायचा म्हणजे घट बसायच्या आत घरातली चीजवस्तू बाहेर काढायची, गोधड्यांपासून डब्यांपर्यंत सगळं धुवायचं, भिंती सारवायच्या. न धुतलेली वस्तू घरात ठेवून देवी बसवायची नाही. सोनलचा हा सासरचा पहिला दसरा. ती पहाटेच ओढ्यावर भांडी घेऊन गेली, आणि जाताना ओसरीवरचं चित्रही घेऊन गेली.

तिचं चुकलं असं कसं म्हणावं? तिच्या माहेरी भिंतीवरचे सगळे देव लॅमिनेशन केलेले. दर दसऱ्याला ते साबणाच्या पाण्यात बुचकळायचे, पुसायचे आणि उन्हात उभे करायचे, की देव लखलखीत. इथल्या चित्रावर तर सोळा वर्षांच्या चुलीचा धूर बसला होता. मोठी पाहुणी येणार, आणि चित्र असं कळकट? तिने चौकट उचकटली, काच राखेने घासली, कागद परातीत साबणाच्या पाण्यात ठेवला आणि वरून तळहात फिरवला. आधी पिवळट धूर निघाला. तिला बरं वाटलं. मग निळं पाणी आलं, मग हिरवं. तिला वाटलं, किती हा मळ! तिच्या ध्यानात येईपर्यंत सिंदोळ्याचा डोंगर परातीत उतरला होता.

कोंडाबाई गोधड्यांचं ओझं घेऊन ओढ्यावर पोचली, तेव्हा सोनल कातळावर बसून रडत होती. शेजारी चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून कागद वाळत घातला होता. परातीतलं पाणी काळंनिळं. कोंडाबाईला लांबूनच सगळं उमजलं. कागद पांढरा दिसत होता, एवढंच तिने बघितलं. ती जवळ गेली नाही. तिने ओझं खाली ठेवलं, गोधडी पाण्यात टाकली आणि धोपटण्याने ती अशी काही धोपटली, की टाके उसवले.

ती सुनेला एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सोनलला वाटलं. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. कोंडाबाई चुलीपुढे बसायची, सवयीने मान वर करायची आणि समोर ताजी सारवलेली मोकळी भिंत. माणूस एकदा मेला होता. तेव्हा निदान तिच्या हातात काही नव्हतं. आता तर ती घरात असताना, दिवसाढवळ्या, तो साबणाने धुऊन निघाला. 

सोनलने कागद आपल्या पेटीत दोन लुगड्यांमध्ये ठेवला. "आत्याबाई, एकदा बघा तरी. त्याच्यावर काय तरी बारीक रेघा हायेत," ती भीत भीत म्हणाली.

"ज्यात माणूसच न्हाई, त्यो कागुद बगून काय करू?"

शनिवारी दादाभाऊ आळेफाट्याहून आला. त्याने सगळं ऐकलं आणि सरळ तोडगा काढला. "सांगू, उंदरानं खाल्लं. त्याला कोण काय करणार?" सोनल तर माहेरी जायला पिशवी भरून बसली होती. बाई येऊन गेल्या की परत येते, म्हणत होती.

कोंडाबाईने दोघांकडे बघितलं. मग सुनेच्या हातातली पिशवी घेऊन खुंटीला अडकवली. "कुठं बी जायाचं न्हाई. पाव्हणी येणार, भाकऱ्या कोण थापणार?" आणि दादाभाऊला म्हणाली, "आनि उंदराचं नाव घेऊ नगंस. तुझ्या बापाच्या चित्राला उंदीर लावतोस व्हय?"

रविवारी दुपारी वृषाली आली. केस थोडे पिकलेले, डोळ्याला चष्मा, पण चपला तशाच वाकून काढल्या आणि ओसरीच्या कडेला लावून ठेवल्या. "वहिनी!" म्हणून तिने कोंडाबाईला मिठी मारली. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "दादा कुठे आहेत?"

कोंडाबाईने सांगितलं. तेरा वर्षं झाली, ऐनावरून पडले. वृषाली ओसरीवर खाली बसली.  सोनलने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तर त्या तांब्याकडे बघूनच तिला पुन्हा रडू आलं. "मी उशीर केला, वहिनी. किती उशीर केला. आज मी जे काही करते, ते सगळं त्या एका सकाळपासून. त्यांना एकदा सांगायचं होतं."

कोंडाबाईला आता थांबणं शक्य नव्हतं. थांबलं तर धीर सुटला असता. "पोरी, आनिक एक ऐक. चित्र बी ऱ्हायलं न्हाई. दसरा काढताना धुतलं गेलं. म्या धुतलं."

आत चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या सोनलचा हात थांबला.

"म्या धुतलं," कोंडाबाई पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. "धूर बसला व्हता. मला वाटलं साफ व्हईल. मी आडाणी बाई, मला काय कळतंय त्यातलं. तू एवढ्या लांबून आलीस आनि..." 

वृषालीने आपले डोळे पुसले. रागावली नाही. "कागद आहे का?" एवढंच विचारलं.

सोनलने पेटी उघडून कागद आणला आणि खाली मान घालून परत आत गेली. वृषाली तो घेऊन दारात आली, उन्हाकडे तिरपा धरला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि एकदम तिच्या तोंडून "अगं बाई" असं निघालं.

"वहिनी, इकडे या. बघा."

"माझ्यानं न्हाई बगवत."

"या तर खरं. अहो, रंग धुतला जातो. पण खालची पेन्सिल नाही धुतली जात."

कोंडाबाई जवळ गेली. तिला चाळिशी लागली होती, जवळचं धड दिसत नव्हतं. वृषालीने आपला चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर चढवला. आधी नुसत्या राखाडी रेघा दिसल्या. मग डोंगराची कड दिसली, मग खाचरांचे बांध, मग शेंडलेली झाडं. आणि राबाच्या कडेला हौशीराम. ठिपका नव्हे. नख मावेल एवढंच तोंड, पण त्यात दोन डोळे होते, मिशी होती, आणि लाजून हसताना उजवीकडे वर जायचा तो ओठ होता. ते हसू कोंडाबाई स्वतःसुद्धा विसरत चालली होती.

आणि जिथे सोळा वर्षं करवंदीची जाळी होती तिथे एक बाई उभी होती. कमरेवर हंडा, पदर खोचलेला, हौशीरामच्या खांद्याला खांदा लावून. तीही हसत होती.

"तुम्ही शपथ घातली होतीत," वृषाली म्हणाली. "पण मला तुम्हाला खोडवेना. म्हणून वरून जाळी रंगवली. दादांना कळलं होतं की काय कोण जाणे, मी जाईपर्यंत सारखे त्या जाळीवर बोट ठेवत होते."

कोंडाबाईने कागदाला बोट लावलं नाही. नुसतं वरून, हवेतच, एकदा त्याच्या तोंडावरून फिरवलं आणि एकदा आपल्या. एवढी वर्षं भिंतीकडे बघताना तिला वाटायचं, ते एकटेच उभे आहेत तिकडे. ते एकटे नव्हते. ती पहिल्या दिवसापासून त्यांच्या शेजारी होती.

"वहिनी, मी पुन्हा रंगवून देते. रंग आणलेत मी. बसते दोन दिवस."

"नगं गं बाई," कोंडाबाई डोळे पुसत हसली. "ऱ्हाऊ दे असंच. पुन्यांदा मधी जाळी उगवंल."

मग ती वळली आणि घरात हाक मारली, "सोनल! ए सोनल, भाईर ये."

सोनल पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात आली. आता सगळं बाहेर पडणार, असं समजून तिचा चेहरा उतरला होता. कोंडाबाईने तिचं मनगट धरून तिला पुढे ओढलं आणि वृषालीसमोर उभं केलं.

"मघा मी खोटं बोलले," ती म्हणाली. "चित्र म्या न्हाई धुतलं. ह्या माझ्या सुनंनं धुतलं." आणि कागद सोनलच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "बग पोरी. तू कधी बगितलं न्हवतंस न्हवं? ह्ये तुझं सासरं."